सरकीची खरी पट्टी

फरदड घेऊ नका, असं कृषी खात्याची माणसं दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात. वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटा, वावर मोकळं करा, नाहीतर बोंडअळीला आयतं घर मिळतं. आमचे लोक मान डोलावतात, घरी येतात आणि एक पाणी देऊन फरदड घेतातच. हंगाम सरल्यावरही त्याच झाडांना धरून राहायचं आणि ती देतील तो शेवटचा कापूस पदरात घ्यायचा, याला आमच्याकडं फरदड म्हणतात. बोंडं बारकी, धागा आखूड, व्यापारी ढुंकून बघत नाही. पण असतो तो कापूसच.

‘सरकी’ या बँडनं तब्बल अठ्ठावीस वर्षांनी नवा अल्बम काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘फरदड’. मोबाइलवर ते नाव दिसलं तेव्हा मी अमरावतीत राजकमल चौकाजवळ गिला वडा खात उभी होते. मला इतकं हसू फुटलं की चटणी थेट नाकात गेली आणि वडेवाल्या भाऊनं घाबरून पाण्याचा ग्लास पुढं केला. उतारवयात बँड पुन्हा उभा करायचा, आणि लोक काय म्हणणार आहेत ते आपणच आधी अल्बमच्या कपाळावर लिहून मोकळं व्हायचं! याला म्हणतात वऱ्हाडी माणूस.

ज्यांना सरकी ठाऊक नाही, म्हणजे पुण्यामुंबईची जवळजवळ सगळी मंडळी, त्यांच्यासाठी सांगते. अकोल्याचे चार पोट्टे होते. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि गाणारा दिवाकर. इंग्रजी रॉक ऐकून बिघडलेले, पण गाणी अस्सल वऱ्हाडीतली. एक कॅसेट, एक हिवाळा, एक मोठा कार्यक्रम, आणि खेळ खल्लास. पण तो हिवाळा काय होता म्हणून सांगू!

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. नांदगाव पेठच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या यायच्या आणि वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहायचा. हिवाळाभर त्या बाभळी पांढऱ्या दिसायच्या. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या बाजूनं वारा आला की नाकात बारीक कस्पटं जायची आणि सगळी गल्ली शिंकायची. सकाळी बोटं गारठायची, दुपारी पाठीला ऊन गोड लागायचं, रविवारी कुणाच्या ना कुणाच्या वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी असायचीच. आणि पानठेल्यावर, मेटाडोरमध्ये, धामणगाव रेल्वेच्या चहाच्या टपरीवर, अंजनगाव सुर्जीच्या बाजारात, जिथं जावं तिथं एकच गाणं वाजत असायचं.

रस्ता माहा, धुरा माहा,
मी कोनाच्या बापाले भेत नाई!

दिवाकर ही ओळ इतकी उंच फेकायचा की ऐकणाऱ्याच्याच गळ्याच्या शिरा ताठ व्हाव्यात. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते आणि अख्ख्या वर्गात एकटी मुलगी होते. बाबांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं आणि कॅसेटा भरून देण्याचं दुकान होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन बसलेली दिसले की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, “बाबा नाहीत काय? मंग येतो नंतर.” गिऱ्हाइकाची पाठ वळली रे वळली की मी सरकी लावायची आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवायची. त्या ओळीतला धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडं शेत नव्हतं, बांधही नव्हता. तरी ती ओळ माझीच होती.

आता वर्तमानात या. नव्या अल्बममध्ये सहा गाणी नवी आहेत आणि तीन जुनी, पुन्हा म्हटलेली. तीन दिवसांत वऱ्हाडानं निकाल लावून टाकला. पहिला फोन अंजनगावहून मंगलाचा. ही माझी मैत्रीण, त्या हिवाळ्यात माझ्या हाताला धरून उड्या मारणारी.

“सुनंदे, काय झालं वं त्या दिवाकरले? जुनं गानं आयकलं काय तू? बैलगाडीत बसून म्हनून राहिला वाटते. अन् आवाज तर पार आडात गेला त्याचा!”

“मंग तू मारून दाखव ना आता उडी,” मी म्हणाले. “पयले आपले गुडघे पाह्य, मंग दुसऱ्याच्या नरड्यावर बोल.”

मग प्रफुल्ल. मी ज्या प्रशिक्षण संस्थेत शिकवते तिथला माझा तरुण सहकारी. चांगला पोरगा आहे, पण त्या दिवशी मला त्याचं तोंड बघवेना. “मॅडम, तुमचे हिरो थकले हो,” असं म्हणून त्यानं गाण्याखालचे शेरे वाचून दाखवले. गळा गेला. घरी बसा काका. कॅसेटवाला दिवाकर परत द्या.

माझं डोकं सणकलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं विशीतल्या पोरासारखं गायला पाहिजे, असा हट्ट धरणारे हे कोण? यांच्या डोक्यावर तेव्हाचे केस शिल्लक आहेत का? यांना स्वतःच्या लग्नातली पँट चढते का? गेले ते दिवस म्हणून उसासे टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. दिवस कुठंही जात नाहीत, ही माणसंच घराच्या बाहेर पडत नाहीत.

पण खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही त्या उंच फेकीची वाट बघत बसले होते. ती आली नाही आणि माझं मन खट्टू झालं. दिवाकर खालच्या पट्टीत, संथपणे, एकेक शब्द ठेवत गात होता. दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. चौथ्यांदा मी भाजी फोडणीला टाकत होते आणि हात थांबला. वरच्या पट्टीत ती ओळ म्हणजे पोट्ट्याचा गलका होता. खाली आली तेव्हा ते सांगणं झालं. ‘मी कोनाच्या बापाले भेत नाई’ हे ओरडून म्हणणारा थोडा भ्यायलेला असतो. हळू म्हणणारा नसतो. त्या दिवशी भाजी करपली आणि मी करपू दिली.

आठवड्यानं दिवाकरचाच एक छोटा व्हिडिओ आला. अकोल्यात त्याचं ढेपीचं दुकान आहे. सरकीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप, गाईम्हशींचं खाणं. पोत्यांच्या थप्पीला टेकून तो म्हणाला, “तुमचं सगळं वाचलं बावा. पुढच्या रविवारी अकोल्यात कार्यक्रम आहे. जुनी गानी जुन्याच पट्टीत म्हननार. कॅसेटीत होती तशीच.”

खाली टाळ्याच टाळ्या. मी मात्र फोन पालथा ठेवला, कारण हे मी एकदा पाहिलं होतं.

त्या हिवाळ्यातला तो एकमेव मोठा कार्यक्रम. अकोल्यात जिनिंगच्या आवारात, संक्रांत झाल्यावर, दुपारी चारला. मी आणि मंगला घरी खोटं सांगून गेलो होतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि लोकांत चुळबुळ झाली. कॅसेटीसारखं वाटत नव्हतं. जड वाटत होतं, खाली वाटत होतं. कुणीतरी ओरडलं, “कॅसेटसारखं म्हन बे!” मग दहा जण ओरडले, मग शंभर. मी स्टेजच्या अगदी पुढ्यात होते आणि माझा आवाज त्यांच्यात सगळ्यात मोठा होता. हे लिहिताना कान तापतात, पण होता तो होता. दिवाकरनं मागं वळून गिटारवाल्यांना खूण केली. त्यांनी तारा चढवल्या. तो वरच्या पट्टीत गायला लागला आणि आम्ही वेडे झालो. पाचव्या गाण्यात त्याचा आवाज फाटला. सहाव्यात नुसती हवा बाहेर आली. त्यानं गळ्यावर हात ठेवला, माइक खाली ठेवला आणि तो निघून गेला. नंतर कळलं की सहा महिने त्याला बोलायची मनाई होती. सरकी संपली ती तिथंच. आणि आता, पन्नाशी उलटल्यावर, तो पुन्हा तेच करायला निघाला होता.

मी संस्थेतल्या प्रयोगशाळेत गेले. माझ्याकडं ती जुनी कॅसेट अजून आहे. जुनं गाणं नव्यापेक्षा नेमकं किती उंच आहे, ते मोजून दिवाकरला कळवावं, म्हणावं की बाबा रे, एवढं चढू नको, असा माझा विचार होता. टेपरेकॉर्डरचा वेग आधी तपासून घेतला आणि कॅसेट लावली. जुन्या घरगुती रेकॉर्डिंगात गाण्याच्या खाली विजेची एक बारीक घुंई असते. तारेतून येते ती. तिची पट्टी ठरलेली असते, सेकंदाला पन्नास फेरे. त्या काळी आमच्या विजेचे पन्नासही धड भरायचे नाहीत. या कॅसेटमधली घुंई मी मोजली तर पंचावन्नच्या वर निघाली.

पुन्हा मोजली. प्रफुल्लला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतली.

“मॅडम, वीज असं करू शकत नाही,” तो म्हणाला.

“नाही करू शकत.”

“म्हणजे गाणंच पळवलंय कुणीतरी.”

कुणी पळवलं ते मला त्याच क्षणी कळलं. मी स्टुलावर बसून घेतलं.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगत आले आहे. सरकीवाल्यांनी त्यांची मूळ टेप आमच्या दुकानात आणून दिली होती आणि तीनशे प्रती हव्या होत्या. साऱ्या वऱ्हाडात ज्या कॅसेटा फिरल्या त्या याच. बाबा लाउडस्पीकरच्या कामाला धामणगावला गेलेले. प्रती भरायच्या डेकचा पट्टा ऐन वेळी तुटला. नवा पट्टा नागपूरहून यायचा. रडत बसायचं नाही, डोकं चालवायचं! मी माझ्या सायकलची ट्यूब काढली, कात्रीनं तिची रबरबँडसारखी एक चकती कापली आणि पट्ट्याच्या जागी चढवली. डेक फिरला. तीनशेच्या तीनशे प्रती मी एकटीनं भरल्या. बाबा परत आले, चकती बघितली आणि चार माणसांदेखत म्हणाले, “वा रे माही पोट्टी!” त्या दिवसापासून ‘बाबा नाहीत काय’ म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं टेप द्यायला लागली. अठ्ठावीस वर्षं मी ही गोष्ट छाती फुगवून सांगितली.

चकती जाड होती आणि घसरत होती. डेक फिरला, पण मंद फिरला. भरताना टेप मंद सरकली की नंतर दुसऱ्या यंत्रावर गाणं पळतं आणि पट्टी चढते. हे मी पहिल्याच महिन्यात फळ्यावर चित्र काढून शिकवते. शिकवताना माझ्या मनात एकदाही आलं नाही. ज्या आवाजावर सगळं वऱ्हाड भाळलं, तो आवाज दिवाकरनं कधी काढलाच नव्हता. तो माझ्या सायकलच्या ट्यूबनं काढला होता.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. आमचे हे म्हणाले, “कुणाला कळणार आहे आता? गप्प बस. जुनी मढी उकरून काय मिळणार?” बरोबरच होतं त्यांचं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. रविवारी फक्त एका माणसाचा गळा गेला असता, आणि लोक म्हणाले असते, म्हातारा झाला बिचारा. मी यांना म्हणाले, “उद्या सकाळची एसटी आहे. डबा तुमचा तुम्ही करून घ्या.”

बडनेरा सुटलं, मूर्तिजापूर आलं. रस्ता आता एवढा रुंद केला आहे की बाभळी उरल्या आहेत नावाला. ज्या उरल्या आहेत त्यांच्या काट्यांना कापूस आहेच. खिडकीतून बघताना मी ठरवून टाकलं की दिवाकरची माफी मागायची, पाय धरायला लागले तरी धरायचे. पण त्या कॅसेटवर जीव लावला याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. चुकीच्या पट्टीतलं ते गाणं ऐकून एका मुलीनं दुकानात मान वर केली होती. ती मान काही चुकीची नव्हती. खोट्या आवाजानं खरं बळ दिलं असेल तर ते परत करायचं कुणाला? मी नाही करणार.

दुकान सापडायला वेळ लागला नाही, ढेपीचा वास कोपऱ्यापासून येत होता. दिवाकर काउंटरवर होता. केस पांढरे, चष्मा दोरीला, अंगात स्वेटर. मी म्हटलं, “मी अमरावतीहून आले. टेपवाल्यांची मुलगी, सुनंदा. तुमची कॅसेट मीच भरली होती.”

“अरे बाप्पा! बसा ना, बसा. चहा सांगतो.”

“आधी ऐका. मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा.”

मी सगळं सांगितलं. पट्टा, ट्यूब, चकती, घुंई. मग फोन काढला. रात्रीतून मी त्या जुन्या गाण्याचा वेग दुरुस्त करून घेतला होता, घुंई पन्नासावर येईल असा. ते लावलं. दुकानात सव्वीस वर्षांचा दिवाकर गायला लागला. खालच्या पट्टीत, संथ, एकेक शब्द ठेवत. अगदी नव्या अल्बममध्ये गातो तसाच.

दिवाकरनं चष्मा काढला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

“पुन्हा लावा,” तो म्हणाला. मी पुन्हा लावलं.

“म्हंजे स्टेजवर मी बरोबर होतो.”

“हो.”

“अन् कॅसेट चूक.”

“हो. माझी चूक.”

तो उठला, एक पोतं उगाच इकडचं तिकडं केलं. “आमाले वाटलं रेकॉर्डिंगच्या दिवशी गिटार चढी लागली असन. तवा ट्यूनर कुठं होता? एक गिटार दुसरीले लावाची, झालं. ताडून पाहाले मूळ टेप हवी होती, तर तिच्यावर माह्या साळ्यानं आपल्या लग्नाची सनई भरली.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाई, अठ्ठावीस वर्स मी स्वतःले सांगतलं, का माह्यात तेवढंच होतं. एका दिवसापुरतं. तो एक दिवस आला, गेला, अन् मंग मी खाली झालो. बायकोले हेच सांगतलं. पोराईले हेच सांगतलं.”

डोळे भरून आले होते ते मी पुसलेही नाहीत. मी म्हटलं, “काय बोलायचं ते बोला मला. शिव्या द्या. ऐकायलाच आले आहे.”

“देतो ना. सोडतो काय?” तो म्हणाला. “ट्यूब कोनाच्या सायकलची होती?”

“माझ्याच.”

“अन् मंग सायकल?”

“दोन महिने पायी हिंडले.”

त्यानं एक शिवी दिली, चांगली सणसणीत. ती मला, ट्यूबला की आमच्या दोघांच्या नशिबाला, ते मी विचारलं नाही. मग तो काउंटरला टेकला, डोळे मिटले आणि गायला लागला. रस्ता माहा, धुरा माहा. फोनमध्ये होती त्याच पट्टीत. गळ्याची एक शीरसुद्धा हलली नाही. बाहेर एक शेतकरी मोटारसायकल लावून आत आला, म्हणाला, “भाऊ, दोन पोते ढेप द्या लवकर, म्हैस दाव्याले बांधून आलो.” दिवाकरनं हातानंच त्याला थांबवलं. तो माणूस थांबला. टोपी काढून पोत्यावर बसला आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिला.

गाणं झाल्यावर दिवाकरनं आधी त्याला ढेप दिली. मग चहा सांगितला, दोन. मग ड्रमवाल्याला फोन लावला. मी समोरच बसले होते, तिकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, इकडचं येत होतं.

“आयक बे. रविवारी गानी चढवाची नाई. खालीच म्हननार... हाव, सगळी... बोंबलू दे त्याईले, मी पाहून घेतो... नाई, तब्येत ठीक आहे माही... आवाज? आवाजाले काय झालं? आवाज पयलेपासूनच ठीक होता.”